श्रावणात कोणी खात नाही

पनवेल, १४ सप्टेंबर १९५९

चि. कमळाकर,

पुढे 'अनेक आशीर्वाद' लिहायला हात गेला होता, तो आवरला. आशीर्वाद आईकडून आहेत असं समज. तिला यातलं काही माहीत नाही.

गौरी-गणपती आले आणि गेले. नोकरी लागल्यापासून तू गणपतीला आला नाहीस, असं हे पहिलंच वर्ष. आईने तुझ्या वाटणीचे मोदक झाकून ठेवले होते, ते शेवटी शेजारच्या पोरांना वाटले. पुणं काही सातासमुद्रापलीकडे नाही. पावसाळाभर तुझी जीप शिरढोणपर्यंत येत होती, ती नेमकी भाद्रपदातच कशी बिघडली, हे मी विचारणार नाही. मला ठाऊक आहे.

तू आला नाहीस, पण तुझं पत्रक आलं. तुझ्या खात्याने ते तालुक्यातल्या सगळ्या गावांना वाटलं आहे. बळीराम ते घेऊन माझ्याकडे आला. आपल्या कमळाकरचं नाव छापून आलंय, मास्तरच्या तोंडून ऐकायचं, म्हणून बिचारा शिरढोणहून चिखल तुडवत आला. त्याच्याच शेतात तुझा प्रयोग झाला, तेव्हा त्याचाही हक्क होता. मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला लागलो. छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू? भातशेतीतले खेकडे, आपले मुठे, बांध पोखरतात, कोवळी रोपं तोडतात, खाचरातलं पाणी निघून जातं. त्यावर डॉ. कमळाकर काशीराम घरत यांनी उपाय काढला. शिजवलेल्या भातात परदेशी औषध कालवायचं, त्याचे गोळे मुठ्यांच्या बिळांत सारायचे. मुठे मरतात, बांध शाबूत राहतो. प्रयोग यशस्वी. पुढल्या पावसाळ्यापासून औषध सगळ्या कुलाबा जिल्ह्यात वाटणार. शेवटची ओळ अशी होती: 'प्रयोगकाळात मनुष्यास कोणताही अपाय झाल्याचे आढळले नाही.'

ती ओळ मी वाचली नाही. चष्मा काढून पुसत बसलो.

"संपला का, मास्तर?" बळीरामने विचारलं.

"संपला," म्हटलं.

तो उठला नाही. "त्यात शुक्रीचा काय लिवलाय?" म्हणाला.

काही लिहिलेलं नाही, हे त्याला सांगताना मला जी शरम वाटली, ती तुला वाटायला हवी होती.

शुक्री कोण, हे तू विसरला असशील तर आठवण करून देतो. डोंगराखालच्या कातकरवाडीतल्या काळूची बायको. बळीरामकडे लावणीला ती दरवर्षी यायची. तुझी माणसं बिळांत गोळे सारत होती तेव्हा विहिरीवरून प्यायला पाणी तिनेच आणून दिलं. पाठीला फडक्यात पोर बांधलेलं होतं. तू त्या पोराला बिस्कीट दिलंस, हे मी पाहिलं आहे, कारण मला मोठ्या कौतुकाने तूच तिथे नेलं होतंस. "हे माझे वडील," असं सगळ्यांना सांगत होतास. घरत मास्तरचा मुलगा म्हटल्यावर शिरढोणमध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, हे तुला चांगलं माहीत होतं.

तुम्ही गेलात आणि मुठे बिळांतून बाहेर येऊन बांधावर पडले. एरवी कातकऱ्याला एक मुठा काढायचा तर बिळात आकडी घालून तास तास खटपट करावी लागते. शुक्रीने ते नुसते हाताने उचलून पदरात भरले. तापामुळे काळूच्या तोंडाला चव नव्हती, तो जेवला नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईने, साळूने, थोडं खाल्लं आणि ओकून टाकलं. शुक्री अंगावर पाजणारी, भुकेली. तिने पोटभर खाल्लं. बैलगाडी पनवेलच्या दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता आणि श्वास नव्हता. काळूने मला बोलावणं पाठवलं म्हणून मी गेलो. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून दाखवल्या. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. "मास्तर, हे सापाचं विष नव्हे. हे शेतातल्या औषधाचं," असं ते म्हणाले, आणि तुझ्या कचेरीला त्यांनी कळवलंही. दुसऱ्या दिवशी तुझा मदतनीस वाडीत येऊन सांगून गेला की तिला पान लागलं असेल, साप डसला असेल. अंगावर दाताची खूण कुठे होती, हे त्याने सांगितलं नाही.

माझं मागणं एकच आहे. पत्रक परत घे. ती शेवटची ओळ खोड आणि तिथे लिही की शिरढोणच्या प्रयोगातले मुठे खाऊन शुक्री काळू ही कातकरीण मेली. आणि मुठे खाणाऱ्यांचं काय करायचं, हे ठरेपर्यंत औषध वाटू नका, असं वरच्यांना तू स्वतः सांग. तुझ्या हातात आहे म्हणून तुलाच लिहितो.

तुझा
काशीराम घरत


पनवेल, २५ सप्टेंबर १९५९

चि. कमळाकर,

तुझं टाइप केलेलं उत्तर मिळालं. बापाला टाइप करून पत्र पाठवणारा आपल्या घराण्यात तूच पहिला. वर 'ती. नाना यांस' एवढं हाताने लिहिलंस, हे उपकार.

तू लिहितोस, डॉक्टर फक्त पदविकावाले आहेत, त्यांच्या मताला शास्त्रीय किंमत नाही. पोटातल्या पदार्थांची तपासणी झालेली नाही, त्यामुळे मृत्यूचं कारण सिद्ध होत नाही. मग तपासणी का नाही केलीस? मुठे बाटल्यांत भरून पुण्याला न्यायला तुमच्या जीपमध्ये जागा होती. शुक्रीच्या बाबतीत 'सिद्ध होत नाही' म्हणतोस आणि 'अपाय झाला नाही' हे मात्र न तपासताच सिद्ध. आपले लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. तू चूल न पेटवताच पंगत उठवलीस.

दुसरं लिहितोस, देशात धान्याची टंचाई आहे, परदेशी गव्हाच्या बोटी येतात तेव्हा शहरं जेवतात, अशा वेळी एका संशयास्पद मृत्यूमुळे काम थांबवणं योग्य नाही. बाळा, टंचाई काय असते हे मला पुण्याच्या माणसाने शिकवायला नको. मुठे बांध फोडतात हे मला मान्य आहे. माझ्या बापाचं खाचर दोन वर्षं त्यांनी कोरडं पाडलं होतं. औषध शोधू नकोस असं मी कधी म्हटलं? बळीरामचं भात यंदा खरंच चांगलं आलंय. तो स्वतः म्हणतो, "मास्तर, औषध चांगला हाय, पन मानूस मारून भात नको." एवढं त्याला कळतं आणि तुला का कळू नये?

तिसरा मुद्दा वाचला आणि मला शिसारी आली. पत्र खाली ठेवून मागच्या दारी जाऊन चूळ भरून आलो. तू लिहितोस: 'प्रयोगासाठी मी मुद्दाम श्रावण महिना निवडला. श्रावणात कोणी खात नाही. त्यामुळे मानवी सुरक्षिततेची काळजी पूर्णपणे घेतली होती.'

कोणी म्हणजे कोण, कमळाकर?

आपण आगरी श्रावण पाळतो. बळीरामच्या घरी, माझ्या घरी, शिरढोणच्या घराघरांत श्रावणात मासळी शिजत नाही, मुठा शिजत नाही. लहानपणी श्रावण सुटायची वाट बघत तू आईच्या मागे भुणभुण करायचास, म्हणून तुला तो आठवला. तुझ्या साहेबांना ही युक्ती सुचली नसती, ते परके. तुला सुचली, कारण तू इथला. तुला ती मोठी हुशारी वाटली असेल. आणि त्याच शेताच्या वर, हाकेच्या अंतरावर, वाडी आहे. तिथे श्रावण पाळत नाहीत. पावसाळ्यात कातकऱ्याच्या पोटात जे काही पडतं ते याच बांधावरचं. हे तुला माहीत नव्हतं, असं मला सांगू नकोस. मी शिरढोणच्या शाळेवर होतो तेव्हा शाळेतून येताना त्याच वाडीत बसून तू भाजलेले मुठे खायचास आणि आईला सांगायचं नाही अशी मला गळ घालायचास.

नंतर तुमची माणसं विचारपूस करत घरोघर गेली. कोणाच्या घरी? ज्यांनी श्रावण पाळला त्यांच्या घरी. अपाय झाला का? नाही झाला. कसा होणार? ज्यांनी खाल्लंच नाही त्यांना विचारलंत आणि ज्यांनी खाल्लं त्यांच्या झोपड्यांपर्यंत चढण लागते म्हणून गेला नाहीत.

चूक झाली असं तू लिहिलं असतंस तर मी रडलो असतो आणि तुला जवळ घेतलं असतं. विसरलो म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू तिला काळजी म्हणतोस, याची मला किळस येते.

आणखी एक ऐक. बळीरामची शकू माहेरी बाळंत झाली आहे. श्रावण सुटला की तिला मुठ्यांचा रस पाजायचा, असं तिच्या आईने ठरवलं होतं. त्याच बांधावरचे मुठे. शुक्री अगोदर मेली म्हणून शकू वाचली. बळीरामला हे कळलं तेव्हा त्याला बसवलं नाही. ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिला.

पितृपंधरवडा चालू आहे. आजोबांचा घास ठेवला. कावळा लगेच शिवला, तेव्हा निदान त्यांना अजून काही कळलेलं दिसत नाही.

काशीराम घरत


पनवेल, ५ ऑक्टोबर १९५९

कमळाकर,

काल वाडीवर जाऊन आलो. तुझी पाटी पाहिली.

काय सुरेख पाटी आहे. लाल अक्षरं, कवटीचं चित्र, 'धोका, या क्षेत्रातील खेकडे खाऊ नयेत'. मराठीत आणि इंग्रजीत. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, माझाच विद्यार्थी शोभतोस. वाडीत वाचता येणारा एकही माणूस नाही, ही गोष्ट वेगळी. आणि पाटीचं तोंड वाडीकडे नाही, सडकेकडे आहे. जीपमधून येणाऱ्याला ती आधी दिसावी, ही त्यात सोय.

साळू पाटीखाली पोराला घेऊन बसली होती. पोर बकरीच्या दुधावर आहे. ते आता जगेल असं वाटतं. मी तिला विचारलं, "म्हातारे, हे काय लिहिलंय, कळलं का?"

ती म्हणाली, "सरकारचा काय तरी हाय. हाडाचा डोका काढलाय, म्हंजे मसनाची जागा आसल."

काळू तिथेच दोरी वळत बसला होता. मी त्याला म्हटलं, मी कमळाकरला लिहिलं आहे. त्याने दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, मला येकच सांगा. तुमच्या पोराचा मानूस शुक्रीला पान लागला असा बोलला. आमी कातकरी. पान लागलेला मानूस आमाला वळखत नाय का? मग त्यो असा का बोलला?"

साप चावलेला माणूस ज्यांनी आजवर शेकडो वेळा बघितला, त्यांनाच तुझा माणूस सापाबद्दल शिकवून गेला. मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो की विज्ञान म्हणजे प्रश्न विचारणं. इथे प्रश्न काळूने विचारला. कातकरीसुद्धा सशाला मारण्यापूर्वी तो कुठे राहतो, काय खातो हे बघून ठेवतो. तुम्ही तेवढंही बघत नाही.

बळीराम सांगत होता, तुझी माणसं परत येऊन बिळांत नवे गोळे सारून गेली. म्हणजे कोणीतरी बघायला येणार आहे आणि त्याला मेलेले मुठे दाखवायचे आहेत. या खेपेला मी स्वतः वाडीत जाऊन सांगितलं आहे की त्या खाचरातलं काही उचलू नका. ते काम तुझ्या पाटीचं होतं.

का. घ.


पनवेल, ९ ऑक्टोबर १९५९

कमळाकर,

कार्ड मिळालं. बुधवारी तू संचालकसाहेबांना घेऊन शिरढोणला येतोस हे कळलं. साहेबांचा होकार मिळाला की औषध जिल्ह्याला लागू, हेही कळलं. 'कृपया त्या दिवशी जुने विषय काढू नयेत' असं तू लिहिलं आहेस. बरं. मी एक शब्द काढणार नाही, वचन देतो.

पाहुणे शेतावर येणार आणि उपाशी जाणार, हे आपल्याकडे शोभत नाही. दसरा होऊन गेलेला असेल, खाण्यापिण्याला आडकाठी नाही. जेवण बळीरामच्या ओट्यावर आहे. त्याची चिंता करू नकोस, ते माझ्याकडे लागलं. साहेब बंगालचे आहेत असं तूच एकदा म्हणाला होतास. मासळी खाणारा माणूस आहे, हे उत्तम झालं.

आईने तुझ्यासाठी लाडू केलेत. पनवेलवरून जाताना दोन मिनिटं उतर.

का. घ.


पनवेल, १६ ऑक्टोबर १९५९

कमळाकर,

पनवेलहून तार आली नाही, याचं तुला नवल वाटलं असेल. मी जिवंत आहे.

बुधवारी दुपारी तुम्ही गेलात. आज शुक्रवार, संध्याकाळ. या दोन दिवसांत मी ओट्यावरून हललो नाही. पोस्टमन दारावरून गेला तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्याकडे पाहिलं. तुझं पत्र नाही, तार नाही, 'कसे आहात' म्हणून साधा निरोप नाही. एसटीच्या एखाद्या चालकाकडेही दिला असतास तरी पोचला असता. तेव्हा आता लिहितो. त्या ओट्यावर काय झालं ते तू पाहिलंस, पण सगळं पाहिलं नाहीस.

बळीरामच्या ओट्यावर त्या दिवशी काळू पंगतीला बसला. कातकरी आगऱ्याच्या पंगतीत, हे शिरढोणने पहिल्यांदाच पाहिलं. ते बळीरामनेच ठरवलं होतं, मी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे दोन घरांत वाकडं आलं की ते मिटलं का हे तोंडाने विचारत नाहीत, एका भांड्यातलं दोघं जेवतात का ते बघतात. काळूच्या घरातलं माणूस बळीरामच्या शेतातलं खाऊन मेलं होतं. म्हणून त्याला शेजारी घेतलं. त्याच्या पलीकडे मी. समोर साहेब आणि तू. दाराशी शकू पोराला मांडीवर घेऊन, तिच्या बाजूला बळीरामची लहान पोरं.

तांदळाच्या भाकऱ्या आल्या, आणि मोठं पातेलं आलं. साहेबांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, हे कुठलं? मी म्हणालो, "इसी खेत का केकडा है, साहब. आज सुबह पकडा." आणि हाताने तुझ्या प्रयोगाचं खाचर दाखवलं. ओट्यावरून ते समोरच दिसत होतं.

त्या क्षणी मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या तोंडावरचं रक्त उतरलं. तू म्हणालास, "माझं पोट ठीक नाही," आणि वाटी बाजूला सारलीस. लहानपणी मुठ्यांच्या कालवणासाठी बहिणीशी मारामारी करणारा तू. ठीक आहे, मी म्हटलं, बघू.

मग मी वाटी तोंडाला लावली.

तुझ्याकडे बघत बघत प्यालो. तू भाकरीचा तुकडा मोडत होतास. काळू प्याला. बळीराम प्याला. शकूने वाटी उचलली, तिचं पोर अंगावर पीत होतं, आणि तिनेही घोट घेतला. लहान पोरं नांग्या फोडून चोखायला लागली. हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर. मी पहिली वाटी संपवली आणि दुसरी मागितली. वाढायला आलेल्या बळीरामच्या बायकोला मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आणखी घाल, भरपूर घाल." म्हटलं, आता तरी बोलेल. ओरडेल, पातेलं लाथेने उडवील. मी मनात देवाचं नाव घेत होतो, कमळाकर. तू पातेलं उडवावंस, एवढंच मागत होतो. तसं झालं असतं तर पत्रकाचं, औषधाचं, सगळ्याचं मी तुला माफ केलं असतं.

तू मान खाली घालून भाकरी मोडत राहिलास.

मग साहेबांनी वाटीकडे हात नेला. आणि तू त्यांचं मनगट धरलंस. पटकन, वीज पडल्यासारखं. त्यांच्या कानाशी इंग्रजीत बोललास, की हे खाऊ नका, सर, हे सुरक्षित नाही. मराठी शाळेचा मास्तर असलो तरी तेवढं इंग्रजी मला येतं.

साहेब मला भला माणूस वाटला. त्याने आधी तुझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या वाटीकडे, मग शकूच्या मांडीवरच्या पोराकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला. "तो फिर ये लोग?" एवढंच त्याने तुला विचारलं. तू पुन्हा भाकरीला हात घातलास. मी वचन दिलं होतं, म्हणून मी एक शब्द बोललो नाही. बोलला काळू. "साहेब, माझी बायको हेच खाऊन मेली. आमाला कोनी इचारला नाय." बळीरामने ते जमेल तसं हिंदीत सांगितलं. साहेब पंगत सोडून काळूसमोर जमिनीवर बसला आणि त्याने विचारलं, कधी, काय झालं, आणखी कोणी खाल्लं होतं का. काळूने सगळं सांगितलं. तू जीपजवळ जाऊन उभा राहिलास.

हे तुला माहीत आहे. आता तुला माहीत नाही ते.

पातेल्यातला एकही मुठा त्या खाचरातला नव्हता. काळूने ते आदल्या दिवशी कर्नाळ्याच्या पलीकडच्या ओढ्यातून आणले. तिथे शेत नाही, औषध नाही. जिवंत, टोपलीत खडखड करणारे. इतक्या लांबचे का आणायला सांगितले, हे काळूने मला विचारलं तेव्हा मी त्याला आणि बळीरामला सगळं सांगितलं. शकूलाही. उगाच कोणाला भीती नको. ओट्यावर एकच माणूस असा होता ज्याला ते कालवण विषारी वाटत होतं, आणि तो तू होतास. साहेबांना मी खोटं बोललो. जन्मभर मुलांच्या हातावर खोटं बोलल्याबद्दल छड्या मारल्या आणि म्हातारपणी स्वतः बोललो, पण त्याची मला लाज वाटत नाही. साहेब निघताना त्यांनाही मी खरं ते सांगितलं, आणि तुला एवढ्यात सांगू नका अशी विनंती केली. ते खूप वेळ माझा हात धरून उभे होते. औषध सध्या वाटणार नाही, काळूचं म्हणणं कागदावर येईल, वाडीतली माणसं काय खातात हे धरूनच पुन्हा तपासू, असं म्हणाले. मोठ्या माणसांचा शब्द पुण्याला पोचेपर्यंत टिकतो का, ते बघायचं. मी त्यांच्या मागे लागणार आहे, हे लक्षात ठेव.

तुझा प्रयोग तू केलास, माझा मी केला. मला वाटलं होतं की औषध विषारी आहे हे तुला ठाऊक आहे की नाही, एवढंच मला कळेल. ते कळलं. पण जे शोधायला गेलो नव्हतो तेही हाती आलं. साहेबांच्या जिवाचं मोल तुला कळतं. काळूच्या बायकोचं कळत नाही, ते मी आधीच जाणून होतो. दाराशी बसलेल्या शकूचं, त्या पोरांचं, आणि माझं, ही बेरीज नवी होती. मी तुला तुझ्या डोळ्यांसमोर मरताना दिसत होतो, आणि तू भाकरी मोडत होतास.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. तू लिहू नकोस असंही म्हणत नाही. फक्त एक काम आहे.

त्या दिवशी घरी आलो तर तुझी आई दारात उभी. तू लाडू न घेताच गेलास, म्हणून तिचं तोंड उतरलेलं. बळीरामच्या भावाने येऊन तिला अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं होतं, की कालवण विषारी समजून कमळाकरने जेवताना कोणाचा तरी हात धरला. तिने मला विचारलं, "इखाचा समजून धरला का वो हात? तुमाला पयला थांबवला ना आपल्या कमाने?"

मी म्हटलं, "हो. आधी माझा हात धरला, मग साहेबांचा."

तिने देवाजवळ दिवा लावला. आता दिवाळीला तू येशील तेव्हा ती तुझ्या पानात मुठ्यांचं कालवण वाढील आणि तोच प्रश्न तुलाही विचारील. तेव्हा हो म्हण. साहेबांच्या आधी माझा हात धरलास, असंच सांग.

काशीराम घरत